दांडीखालची मोकळी जागा

इर्मा हुडाक दांडी खाली ढकलताना माणसाच्या तोंडाकडे बघायची नाही, पोटाकडे बघायची.

"श्वास सोड, अँडी. सगळा सोड. दुपारी कोबी-शेवयांच्या दोन थाळ्या चेपल्यास, त्या आता कुठे लपवणार?"

मग तळहाताचा मनगटाकडचा भाग दांडीवर ठेवून ती अंगाचा सगळा भार टाकायची. दाते कटकट करत सरकायचे, दांडी अडायची, इर्मा तिच्यावर दोनदा थोपटायची आणि पुढच्या बाकाकडे वळायची. गाडी भरली की हात वर करायची. ब्रेकवरचा माणूस लिव्हर सोडायचा आणि फॉक्स फलाटावरून निघायची.

फॉक्स म्हणजे आमच्या हेमलॉक ग्रोव्ह पार्कमधली लाकडी रोलर कोस्टर. कधीकाळी तिला तांबडा रंग होता, म्हणून रेड फॉक्स. माझ्या आठवणीत ती करडीच आहे. पार्क गावाच्या टोकाला, टेकडीखाली. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की फॉक्सचा खडखडाट आमच्या स्वयंपाकघरांत ऐकू यायचा. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. पाहुणे विचारायचे, हा आवाज कसला, तेव्हा लक्षात यायचं.

इर्मा आणि मी सेंट सिरिलच्या शाळेत एका बाकावर होतो. ती उंच, हाडापेराने मोठी. नन्सनी तिला घंटा वाजवायचं काम दिलं होतं, कारण दोर ओढायला तेवढं बळ तिच्याकडेच होतं. सिस्टर अल्फोन्साचा एक नियम होता: विचारलं असेल तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, खरं द्यायचं आणि खाली बसायचं. आम्ही दोघी तो जन्मभर पाळत आलो. शाळा संपल्यावर मी टायपिंग शिकले. इर्मा पार्कमध्ये तिकिटं फाडायला लागली, मग फॉक्सच्या फलाटावर गेली आणि तिथेच राहिली. हिवाळ्यात ती शाळेच्या भटारखान्यात काम करायची. तिथेही तिचा तोच आवाज. मला म्हणायची, "बर्ना, तुझा धाकटा गाजरं टेबलाखाली टाकतो. मी उचलत नाही, सांगून ठेव त्याला."

तिने एमिलशी लग्न केलं. एमिल पाइपच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. वर काचेच्या खोलीत दिवसभर एकटं बसायचं काम. त्यामुळे असेल, किंवा स्वभावच असेल, तो बोलायचा कमी. अंगाने मात्र भरपूर. इर्मा लोकांसमोर त्याला 'माझं कपाट' म्हणायची आणि तो हसायचा. त्यांना मूल झालं नाही. त्याबद्दल ती दोघं काही बोलत नसत, पण आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या घरांत, मूल झालं की बाप्तिस्म्याला त्याची जबाबदारी घेणारा धर्मबाप म्हणून पहिलं नाव एमिलचं निघायचं. बाप्तिस्म्याला तो नवीन सदरा घालून यायचा, बाळ घ्यायचा आणि परत देताना त्याच्या जिवावर यायचं. शेवटची धर्मलेक मार्सी. मार्जी आणि पॉल युर्कोची मुलगी.

आमची घरं आजोबांच्या काळात स्लोव्हाकियातून अमेरिकेत आलेली, म्हणून आमच्याकडे जुलैमध्ये स्लोव्हाक दिवस असतो. त्या दिवशी पार्क आमचं. सकाळी मोठ्या मांडवात मिसा म्हणजे फादरची प्रार्थना, मग जेवण, मग बँड, मग खेळ. आदल्या आठवड्यात आम्ही बायका चर्चच्या तळघरात बसून पिरोही, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळायचो, अक्रोडाचे रोल भाजायचो. आणि त्या दिवसाची एक रीत होती, जी दुसऱ्या कुठल्या गावात मी पाहिली नाही. फॉक्सच्या पायऱ्यांपाशी लाकडाचा एक कोल्हा रंगवून उभा केलेला आहे. ज्याचं डोकं कोल्ह्याच्या कानाला टेकेल, त्याला बसायला मिळतं. आमच्यात ज्या मुलाचं डोकं त्या वर्षी कानाला टेकलं, त्याची पहिली फेरी स्लोव्हाक दिवशी, आणि ती धर्मबापाच्या शेजारी बसून. बँड प्रत्येक मुलासाठी पोल्का नाचाची एक धून वाजवायचा. आई खाली रेलिंगपाशी उभी. परत आल्यावर धर्मबाप आइसक्रीम घेऊन द्यायचा आणि मूल मोठं झालं असं म्हणायचे.

आता दांडी कशी होती ते सांगायला हवं. फॉक्सच्या बाकावर दोघं बसतात आणि त्या काळी दोघांना मिळून एकच दांडी होती. ती खाली आली की जाड माणसाच्या पोटाशी अडायची. शेजारी सात वर्षांचं मूल असेल तर त्याच्या मांडीपर्यंत ती पोचायचीच नाही. मध्ये जागा राहायची. हे लपलेलं नव्हतं. म्हणून तर धर्मबाप आपला हात मुलाच्या छातीवर आडवा धरायचा. 'धर्मबापाचा हात कशाला असतो' असं आमच्याकडे म्हणतातच. माझ्या मुलांच्या पहिल्या फेऱ्या अशाच झाल्या. माझीही अशीच झाली होती. कुणाला काही झालं नव्हतं.

त्या वर्षी मार्सीचं डोकं कानाला टेकलं. वेणीमुळे टेकलं असं तिचा भाऊ म्हणत होता. इर्माने वेणी दाबून पुन्हा मोजलं आणि म्हणाली, "बसतेय. अगदी काठावर, पण बसतेय."

मी तेव्हा मांडवात रोल कापत होते. पुढचं मला इर्माने सांगितलं.

एमिल बसला. मार्सी आतल्या बाजूला. "पोट आत, कपाटा," इर्मा म्हणाली. "पोरीला जागा ठेव." लोक हसले. तिने दांडी ढकलली. ती एमिलच्या पोटाशी अडली. तिने दोनदा थोपटलं. एमिलने उजवा हात मार्सीच्या छातीवर आडवा धरला. गाडी निघाली.

दुसऱ्या उतारावर ओरडणं नेहमीचंच. त्यात वेगळं काही कुणाला ऐकू आलं नाही. मांडवात मला तर नाहीच. गाडी रोजच्यासारखी वळण घेऊन आली, ब्रेकवरच्या माणसाने ती फलाटाला लावली, इर्माने डब्यांमागची पेडलं पायाने दाबली, सगळ्या दांड्या वर आल्या. लोक उतरले. एमिल बसून होता. त्याचा उजवा हात शेजारच्या जागेसमोर तसाच आडवा होता. जागा रिकामी होती.

"मार्सी कुठे आहे?" इर्माने विचारलं.

"ही काय," एमिल म्हणाला.

आमच्यातले दोघे जण अग्निशामक दलात होते. ते कुंपणावरून उडी मारून दुसऱ्या उताराखालच्या गवतात गेले. त्यांच्यामागून फादर गेले. मार्जी धावली नाही. ती रेलिंग धरून उभी राहिली आणि कुणीतरी येऊन आपल्याला काही सांगेल अशी वाट बघत राहिली. बँडला कुणी कळवलं नव्हतं. ते बराच वेळ वाजवत होते.

त्या दिवशीच्या माझ्या रोजनिशीत हवा कोरडी होती असं लिहिलं आहे आणि रोल किती उरले ते. त्याखाली काही नाही.

फॉक्स बंद झाली. चौकशी झाली. विमा कंपनीचा एक माणूस आला, त्याने इर्माला पार्कच्या ऑफिसात बसवून विचारलं.

"दांडी लागली होती?"

"हो."

"तुम्ही तपासली होती?"

"दोनदा."

"दाते नीट काम करत होते?"

"हो."

तिने विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं, खरं दिलं, आणि उठली. दांडी कुणाच्या पोटाशी अडली होती, हे त्याने विचारलं नाही.

एमिलला त्याने विचारलं, "उतारावर तुम्ही हात वर केला होता का?" फॉक्सवर दुसऱ्या उताराला सगळे हात वर करतात. जन्मापासूनची सवय. एमिल म्हणाला, "केला असेन. आठवत नाही."

अहवालात तेच आलं. यंत्रात दोष नाही. मुलगी जागेवरून उठली असावी आणि सोबतच्या प्रौढ व्यक्तीचा हात सुटला असावा. पार्कचे मॅनेजर ड्रेसलर यांनी तो कागद इर्माला दाखवला. म्हणाले, "इर्मा, तुझ्यावर काही येत नाही. मे महिन्यात आपण पुन्हा सुरू करू."

गावात एमिलला कुणी एक शब्द बोललं नाही. फक्त लोक त्याच्याशी बोलताना त्याच्या हाताकडे बघायचे. मीही बघितलं असेल.

एमिलने तो हात वापरणं सोडलं. डाव्या हाताने जेवायचा, डाव्या हाताने दार उघडायचा. मिसानंतर लोक हस्तांदोलन करतात तेव्हा उजवा हात कोटाच्या खिशात. डॉक्टर म्हणाले, हाताला काहीही झालेलं नाही. एका हाताने क्रेन चालत नाही, त्यामुळे त्याला कारखान्यातून घरी बसवलं. तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायचा. बाहेर हवा काय आहे हे त्याला माहीत नसायचं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण झाला की आमच्याकडचे पुरुष हरणाच्या शिकारीला जंगलात जातात. त्या वर्षी एमिल गेला नाही. इर्माने त्याची बंदूक कापडात गुंडाळून त्याच्या भावाकडे नेऊन ठेवली. मला म्हणाली, "तेल लावायला दिली असं सांगितलंय. त्याने विचारलं पण नाही."

मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जायचे. माझे यजमान तेव्हा होते, ते म्हणायचे, रोज रोज काय जातेस, त्यांना त्यांचं राहू दे. मी सूप घेऊन जायचे. एमिल चार चमचे घ्यायचा.

एकदा भांडी पुसताना इर्मा म्हणाली, "बर्ना, तो असाच मरणार. बंदुकीने नाही तर असाच."

"वेळ लागतो गं."

"वेळेचा काय संबंध? त्याला वाटतं त्याच्या हाताने झालं."

"मग?"

"हाताने नाही झालं. तो हात लोखंडाचा असता तरी झालं असतं. दांडीच तिच्यापर्यंत पोचत नव्हती."

"हे त्याला सांग."

"सांगितलं. तो म्हणतो, मला बरं वाटावं म्हणून बोलतेस." तिने फडकं पिळून ठेवलं. "त्याला दाखवायला हवं. आणि दाखवलं की त्याला दुसरंही दिसणार."

"दुसरं काय?"

"की मला हे नेहमीच दिसत होतं. तो नुसता बसला होता, बर्ना. दांडी लावणारी मी होते."

तिचं सगळं माप काढून झालं होतं. नाही दाखवलं तर नवरा जाणार. दाखवलं तर नवरा वाचेल, पण तिचा राहील की नाही, कुणास ठाऊक. ख्रिसमस गेला, ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, लेंट, लागला, आणि ती ठरवत राहिली. लेंटमध्ये एमिल आणखी बारीक झाला. त्याचे सदरे त्याला मोठे व्हायला लागले. मला वाटतं, ते बघून तिने ठरवलं. पोट गेलं तर दाखवायला काही उरणार नव्हतं.

मार्चमध्ये एका शनिवारी तिने मला फोन केला. "गाडी काढ. आणि पन्नास पौंडांचं बटाट्याचं पोतं घेऊन ये." इर्माला गाडी येत नव्हती आणि एमिल चालवायचा बंद झाला होता. मार्सी साधारण तेवढीच होती. मी विचारलं नाही.

हिवाळ्यात फॉक्सचे डबे पार्कमागच्या शेडमध्ये ठेवतात. क्लेम नावाचा फिटर तिथे ग्रीस लावत होता. इर्माने त्याला सांगितलं, "क्लेम, जरा बाहेर जाऊन सिगारेट ओढ."

"मी सोडलीय, इर्मा."

"मग नुसता उभा राहा."

तो गेला. शेडमध्ये बर्फासारखी थंडी होती. आमच्या तोंडातून वाफ निघत होती. एमिल दारातच थांबला.

"मी त्यात बसणार नाही," तो म्हणाला.

"बसशील."

"कशाला?"

"मी सांगते म्हणून. माझ्यासाठी कधी काही मागितलं का तुझ्याकडे? बस."

तो बसला. तिने त्याचा कोट काढून घेतला, कारण जुलैमध्ये कोट नव्हता. मी आणि तिने पोतं उचलून त्याच्या शेजारी उभं ठेवलं. एमिल पोत्याकडे बघत नव्हता, समोर बघत होता. इर्माने दांडीवर तळहात ठेवला आणि भार टाकला. दाते कटकट करत सरकले. दांडी एमिलच्या पोटाशी अडली. बारीक झाला होता तरीही अडली. तिने दोनदा थोपटलं. मला वाटतं ते तिच्याकडून आपोआप झालं.

"आता बघ," ती म्हणाली.

एमिलने बघितलं नाही.

"एमिल. इकडे बघ."

त्याने मान वळवली. दांडी आणि पोतं यांच्यामध्ये जागा होती. इर्माने त्या जागेत आपली एक मूठ घातली, तिच्यावर दुसरी मूठ ठेवली. दोन्ही मुठी बसल्या आणि वर फट उरली.

"तुझा हात लाव."

"नको."

"लाव. जसा लावला होतास तसा."

त्याने उजवा हात मांडीवरून उचलला आणि पोत्यासमोर आडवा धरला. इर्मा डब्याच्या मागे गेली. तिने पोतं तोंडाशी धरलं आणि जोर लावून सरळ वर उचललं. पोतं दांडीखालून, एमिलच्या हाताला घासत वर निघालं. हात जिथल्या तिथे होता. तो हललाही नव्हता.

"पुन्हा," एमिल म्हणाला.

तिने पोतं पुन्हा खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. या वेळी एमिलने सगळी ताकद लावून हात दाबून धरला होता, मला त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. पोतं तरीही निघालं.

एमिलने हात खाली घेतला.

"म्हणजे हे असंच असतं," तो म्हणाला.

"असंच असतं."

"प्रत्येक वेळी."

"मोठ्या माणसाशेजारी लहान मूल असलं की प्रत्येक वेळी."

"आणि हे तुला माहीत होतं."

"हो."

"त्या दिवशी पण?"

"त्या दिवशी पण. मला वाटलं, नेहमीसारखं होईल."

एमिलने मान हलवली. जणू दुकानात भाव विचारला होता आणि तिने सांगितला होता.

"दांडी काढ," तो म्हणाला.

पेडल डब्याच्या मागे, इर्माच्या पायाखाली होतं. तिने ते दाबल्याशिवाय त्याला उठता येत नव्हतं. तिने दाबलं. तो उतरला, कोट घातला आणि पोतं उचलून दाराकडे निघाला. दोन्ही हातांनी उचललं होतं. इर्माने ते पाहिलं, मीही पाहिलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

गाडीत एमिल पुढे बसला, इर्मा मागे. वळणावर तो म्हणाला, "बर्ना, डावीकडे घे. युर्कोंकडे."

मागून इर्मा म्हणाली, "आज नको."

"मार्जीला सांग," एमिल म्हणाला. तो समोर बघूनच बोलत होता. "मला सांगितलंस ना. आता तिला सांग."

मी गाडी डावीकडे घेतली. त्यांच्या दारासमोर थांबले. ती दोघं आत गेली, मी काचा वर करून बसले. एवढ्या थंडीत मागच्या अंगणात दोरीवर चादरी वाळत होत्या. ताठ झाल्या होत्या.

आत काय झालं ते इर्माने मला पुढे कधीतरी सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. मार्जी इस्त्री करत होती. तिने त्यांना बसा म्हटलं. इर्मा बसली नाही. तिने उभ्यानेच सांगितलं: दांडी तुझ्या मुलीपर्यंत पोचत नव्हती. मला दिसत होतं. मी गाडी सोडली. अहवालात एमिलच्या हाताचं जे लिहिलंय ते बरोबर नाही.

मार्जीने इस्त्री उभी ठेवली. "टेटा इर्मा," ती म्हणाली. आमच्यात मावशीला, काकूला टेटा म्हणतात. गावातली सगळी मुलं इर्माला तेच म्हणायची. "टेटा, मलाही माहीत होतं."

इर्माला वाटलं तिला नीट समजलेलं नाही. ती पुन्हा सांगायला लागली.

"नाही, समजलं. मी माझ्या धर्मबापाच्या शेजारी बसले होते ना. तुम्हीच दांडी लावली होती. माझ्या आईने मला आधी सांगून ठेवलं होतं, दांडी सैल असते, त्यांचा कमरेचा पट्टा धरून ठेव. मी दोन्ही हातांनी धरला होता. सगळ्याच मुलांना सांगतात. तुम्हाला नव्हतं सांगितलं?"

इर्माला सांगितलं होतं. मलाही सांगितलं होतं. मी माझ्या मुलांना सांगितलं होतं. इतकी साधी गोष्ट होती, बूट घालून जा म्हणतो तशी. ती कुणालाही धोका वाटली नाही.

"मी मार्सीला सांगितलं होतं," मार्जी म्हणाली. "सकाळी वेणी घालताना. काकांचा पट्टा सोडायचा नाही म्हणून." मग तिने एमिलकडे बघितलं. "धरला होता का तिने?"

इर्मा म्हणते, एमिलने लगेच उत्तर दिलं. "हो," तो म्हणाला. "घट्ट धरला होता."

"ठीक आहे," मार्जी म्हणाली. तिने सदरा उलटा केला आणि दुसरी बाजू इस्त्री करायला लागली. ती दोघं थोडा वेळ तिथे थांबली आणि बाहेर आली.

त्याला ते खरंच आठवलं होतं का, हे इर्माने त्याला कधी विचारलं नाही. मला तिने सांगितलं, "विचारून काय करू? जे विचारायचं होतं ते मार्जीने विचारलं."

मे महिन्यात फॉक्स सुरू झाली. इर्मा फलाटावर गेली. पहिल्याच दिवशी तिने ड्रेसलरना सांगितलं की लहानाशेजारी लहान आणि मोठ्याशेजारी मोठा, नाहीतर माझा हात वर होणार नाही. ते म्हणाले, अहवालात असं काही नाही. ती म्हणाली, "अहवाल फलाटावर उभा राहत नाही." जुलैमध्ये स्लोव्हाक दिवस आला. तिने धर्मबापांना मागच्या डब्यात बसवलं आणि मुलांना जोडीने पुढे. बँड वाजत होता. लोकांना ते रुचलं नाही. त्या धर्मबापांपैकी एक, जो ह्रिंको, भरल्या गाडीसमोर तिला म्हणाला, "माझा धर्मबाप माझ्या शेजारी बसला होता, टेटा. रीत म्हणजे रीत."

"बसला होता."

"मग मी का नाही?"

"मागे जा, जो."

"आणि एमिलकाकांनी केलं म्हणून आम्हाला शिक्षा का?"

"एमिलने काही केलेलं नाही. मी केलं. मागे जा, नाहीतर उतर."

तो उतरला. रागाने उतरला आणि आपल्या धर्मलेकाला घेऊन घरी गेला. त्याची बायको वर्षभर इर्माशी बोलली नाही. काही घरांनी आपली मुलं त्या उन्हाळ्यात फॉक्सवर पाठवलीच नाहीत. पुढे प्रत्येकाला वेगळी दांडी असलेले डबे आले, तेव्हा हा वाद आपोआप संपला. पण तोपर्यंत इर्मा तशीच उभी राहिली. पोटावरचे विनोद तिने बंद केले. नुसती दांडी लावायची.

एमिल त्या वसंतात कारखान्यात परत गेला. क्रेनवर. जेवायला लागला, झोपायला लागला, सदरे पुन्हा अंगाला बसायला लागले. हिवाळ्यात भावाकडून बंदूक घेऊन जंगलात गेला आणि काही न मारता परत आला. झोपायला मात्र वरच्या छोट्या खोलीत गेला, ती खोली त्यांनी लग्नानंतर बाळासाठी पिवळी रंगवून ठेवली होती. भांडण झालं नाही. तिने पलंगपोस नेऊन दिला. उन्हाळ्यात तो रोज सकाळी तिला गाडीने पार्कच्या फाटकापर्यंत सोडायचा आणि संध्याकाळी आणायचा. आत कधी आला नाही. पावसापाण्यातही चुकला नाही. मी एकदोनदा त्यांच्याबरोबर गाडीत होते.

"किती वाजता येऊ?"

"नेहमीच्या वेळेला."

"बरं."

एवढंच बोलणं. तो कपाट राहिला नाही आणि ती त्याला काही म्हणायची नाही. अशी ती दोघं म्हातारी झाली.

मी तिला एकदा विचारलं, तुला वाईट वाटतं का. आम्ही तिच्या मागच्या पायरीवर घेवड्याच्या शिरा काढत बसलो होतो. वर पिवळ्या खोलीत एमिलचा रेडिओ चालू होता, बेसबॉल चाललं होतं.

इर्माने मूठभर शेंगा पातेल्यात टाकल्या.

"वर आहे ना तो," ती म्हणाली. "रेडिओ ऐकतोय."